बारावीच्या निरोप समारंभात प्रत्येक मुलाची गमतीदार ओळख कशी लिहावी? कोणी दुखावलं जाऊ नये, पण हसू तर यायला हवं

तुम्ही विचारलंय की साठेक मुलं आहेत, हातात आठवडा आहे, प्रत्येकावर दोन-चार ओळी लिहायच्यात, चारोळ्या कराव्यात की साधंच लिहावं, आणि मुलं मागतायत म्हणून जुने शेलापागोटे, म्हणजे एकमेकांवर चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्या स्टेजवरून वाचायच्या, ते परत सुरू करावेत का. बाकीच्या उत्तरांत लोकांनी गाण्यांच्या ओळी आणि तयार चारोळ्यांचे ढीग टाकलेत, ते वाचलं आणि राहवलं नाही. शेलापागोटे सुरू करू नका. निदान खोका ठेवून, खाली नाव न घालता टाकलेल्या चिठ्ठ्या, तसले तर नाहीच नाही.

मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मुलं मामा म्हणतात. शिक्षकांना मुलं समोरून दिसतात, मला बाजूने दिसतात, आणि माझं ठाम मत आहे की मूल कसं आहे हे प्रॅक्टिकलला जेवढं कळतं तेवढं वर्गात वर्षभर बसून कळत नाही. ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची उभी नळी, भरल्यावर फनेल काढायला कोण विसरतं, शेजारच्याचं रीडिंग बघून आपलं कोण खोडतं, आणि बेल झाल्यावर सगळे दप्तर उचलून पळत असताना दुसऱ्याच्या टेस्टट्यूब धुऊन स्टँडला उलट्या कोण लावून जातं. हे सगळं मी बघतो. म्हणून या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो, कोणी काहीही म्हणो.

आमच्याकडे पूर्वी शेलापागोटे दणक्यात व्हायचे. स्टाफरूमच्या बाहेर खोका, कोणीही कोणावरही चिठ्ठी टाकायची, एक ज्येष्ठ सर त्यातल्या निवडायचे आणि माईकवर वाचायचे, ज्याच्यावर असेल त्याने स्टेजवर येऊन वस्तू घेऊन जायची. उंच मुलाला बांबू, सारखा केसांत हात घालणाऱ्याला कंगवा, असं. एका वर्षी हर्णै बाजूची एक मुलगी होती. आई संध्याकाळी बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि सकाळी दापोलीत विकायची, पहाटे बर्फातली मासळी काढून पाट्या भरून द्यायचं काम मुलीकडे, ते करून ती पहिल्या एसटीने कॉलेजला यायची. तिच्यावर आलेली चिठ्ठी मी इथे लिहिणार नाही, वासावर होती एवढं पुरे. आणि वस्तू म्हणून दोऱ्याला बांधलेला सुका बोंबील. ती स्टेजवर आली, तो बोंबील हातात घेतला, सगळ्यांबरोबर हसली, खाली जाऊन बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मी मागे साउंडवाल्याजवळ उभा होतो म्हणून मला दिसलं. पुढच्या आठवड्यात हॉल तिकीट न्यायला तिचा धाकटा भाऊ आला. बारावीच्या मुलीचं हॉल तिकीट न्यायला आठवीतला पोर आला हे कोणाला खटकलंसुद्धा नाही.

मी स्टाफरूममध्ये बोललो. सरांचं म्हणणं, "अहो ती स्वतः हसली की." समोर तीनशे माणसं बसलेली असताना सतरा वर्षांची मुलगी हसणार नाही तर काय करणार? दुसरं म्हणणं असं की चिमटा नसेल तर विनोद कसला, आपल्या कोकणात तर शिमग्याला होळीभोवती बोंबा आणि फाका मारायची रीतच आहे, तिथे कोण वाईट वाटून घेतं? हे मला फार लागलं, कारण मी लहानपणापासून पालखी नाचवणारा माणूस आहे आणि शिमगा मला शिकवायची गरज नाही. शिमग्याला सगळे सगळ्यांच्या नावाने ओरडतात, खोताच्या, पाटलाच्या नावाने आधी, आणि ओरडणारा समोर उभा असतो, त्याचा चेहरा दिसतो, उद्या त्याच्या नावाने तुम्ही ओरडू शकता. इथे लिहिणारा अंधारात, वाचणारा मोठा माणूस, माईक त्याच्याच हातात, आणि जिच्यावर वाचलं तिला उत्तर द्यायची सोय नाही. याला शिमगा म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही. तेव्हा मला सांगण्यात आलं की तुम्ही लॅबचं बघा, लिखाणातलं तुम्हाला काय कळतं. बरं.

मग 2020 आलं. 3 जूनला निसर्ग वादळ झालं, दापोली-मंडणगडात ज्यांनी ते बघितलं त्यांना वेगळं सांगायला नको, माड-पोफळी आडव्या, आंब्याची जुनी झाडं मुळासकट वर, आमच्या लॅबचे निम्मे पत्रे ग्राउंडच्या पलीकडे जाऊन पडले. लॉकडाऊन होताच. वर ताडपत्री टाकायला माणूस मिळेपर्यंत पावसाने लॅबचं पार वाटोळं केलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाटल्यांची लेबलं गेली. ज्याने केमिस्ट्रीची लॅब सांभाळली आहे त्यालाच कळेल ही काय भानगड असते. पाण्यासारखी दिसणारी पंचवीस द्रव्यं आणि कशावर नाव नाही. नंतर नोव्हेंबरअखेर नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी आली, अर्धी मुलं एका दिवशी, अर्धी दुसऱ्या दिवशी, तोंडाला मास्क, अशी त्या बॅचची बारावी झाली, जेवढी झाली तेवढी. जून 2021 मध्ये परीक्षाच रद्द. दहावीचे 30, अकरावीचे 30 आणि बारावीच्या वर्षातले 40 टक्के असं सूत्र लावून निकाल, राज्याचा 99.63 टक्के. आणि लगेच सगळीकडे सुरू झालं, कोरोना बॅच, फुकट पास. अख्ख्या बॅचवर कोणीतरी निनावी चिठ्ठी टाकल्यासारखं झालं ते. निरोप समारंभ नाही, फोटो नाही, काही नाही.

तेव्हा मी ठरवलं की यांच्यावर मी लिहिणार. लॅबमध्ये जर्नलचे कोरे कागद उरले होते, एक बाजू आकृतीसाठी कोरी, दुसरी रेघांची. रेघांवर ओळख लिहायची, कोऱ्या बाजूला आकृती काढायची, खाली माझी सही. गुणपत्रकं वाटायला ऑफिसात बसवलं होतंच मला, गुणपत्रकाबरोबर एकेक कागद दिला. काही सांगतो, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. नावं देत नाही, मुलं आता नोकरीधंद्याला लागलीत.

एका तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा, मुलगा होता. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन म्हणजे ब्युरेटमधून जांभळं द्रावण थेंबथेंब फ्लास्कमध्ये सोडायचं, फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं, एक थेंब जास्त गेला की रंग गडद आणि रीडिंग वाया. याचं पहिल्याच वेळी बरोबर यायचं. त्याला लिहिलं: "याच्या ब्युरेटमधून पडायच्या आधी थेंब याची परवानगी घेतो. बाकीच्यांचे फ्लास्क जांभळे झाले तरी याचा अजून लाजून गुलाबीच. होडीचं सुकाणू हातात घेईल तेव्हा मासळीसुद्धा रांगेत येणार."

दाभोळच्या खाडीपलीकडून, धोपाव्याहून येणारी एक मुलगी: "हिला उशीर झाला की फेरीबोट लेट. बोट वेळेवर असेल तर एसटी लेट. दोन्ही वेळेवर असतात त्या दिवशी ही सगळ्यांच्या आधी येऊन लॅबच्या दारात उभी राहते आणि प्रत्येकाला विचारते, उशीर का झाला?"

नमनात, म्हणजे आमच्याकडच्या नमन-खेळ्यांत, मृदुंग वाजवणारा एक होता, सोनोमीटरच्या (ताणलेल्या तारेचा आवाज तपासायचं फिजिक्सचं उपकरण) तारेवर ठेवलेला कागद उडायच्या आधी नुसत्या आवाजावरून सांगायचा, मामा आता पडेल. आणि एक पोरगा असा की ब्रेकेज रजिस्टरमध्ये सगळ्यात जास्त सह्या त्याच्या. त्याला लिहिलं: "फोडलेलं एकही नाही, सह्या सगळ्या याच्या. ज्याची आई जास्त रागीट त्याच्या वतीने हा सही करतो. आता याची आई पिपेटचा हिशोब विचारायला आली की आम्ही कोणाला पुढे करायचं?" हे वाचून ज्यांच्या वतीने सह्या केल्या होत्या ते तिघं तिथेच सापडले, कारण तेच सगळ्यात मोठ्याने हसले.

आणि मागच्या बाकावरची एक मुलगी. शिक्षकांना विचारलं तर सगळ्यांचं एकच, शांत आहे, मनमिळाऊ आहे. हे दोन शब्द ऐकले की समजायचं सांगणाऱ्याने त्या मुलाकडे बघितलेलंच नाही. वादळानंतर लॅब उघडली तेव्हा केमिस्ट्रीच्या सरांनी बसून एकेक बाटली तपासली, ओळखू आल्या त्या ठेवल्या, नाही आल्या त्या काढून टाकल्या, आणि लेबलं लिहायचं काम माझ्याकडे आलं. या मुलीने न सांगता खुर्ची ओढली आणि लिहायला बसली. नाव, खाली सूत्र, खाली तारीख, अक्षर असं की छापलेलं वाटावं, चिकटवल्यावर वरून मेणबत्ती घासली म्हणजे पुढच्या पावसाळ्यात दमट हवेने सुटू नये. हे तिला कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाली घरी मसाल्याच्या बरण्यांना असंच करतो. आणि अमोनियाच्या बाटलीवर सूत्राच्या बाजूला एवढासा माणूस काढलेला, नाक धरून पळणारा, मिशीवाला. तिच्या कागदावर मी लिहिलं: "अमोनियाच्या बाटलीवरून नाक धरून पळणारा माणूस कोण, हे ही सांगत नाही. केमिस्ट्रीच्या सरांनी मिशी बघून आपलं आपण ओळखावं." सर स्वतः लॅबमध्ये जाऊन बाटली घेऊन आले, मिशीशी बाटली धरून सगळ्यांना दाखवली. ती मुलगी इतकी हसली की मास्क काढावा लागला. दोन वर्षांत तिचा आवाज न ऐकलेल्या पोरींनी तो त्या दिवशी ऐकला.

त्या दिवशी मुलं गुणपत्रक दुमडून खिशात आणि हातात तो कागद घेऊन बदामाच्या झाडाखाली तासभर उभी होती. एकमेकांचे वाचत होती. कोणाच्या वजनावर, रंगावर, घरावर, मार्कांवर एक अक्षर नव्हतं आणि हसायला काही कमी पडलं नाही. चिमट्याशिवाय विनोद होत नाही म्हणणाऱ्यांना हे मी तेव्हाही सांगितलं होतं. त्यांचं उत्तर, हे कौतुक झालं, विनोद नव्हे. सर, तुम्ही इथे वाचत असाल तर परत सांगतो, पोट धरून हसलेल्या मुलाला विचारा की त्याला काय वाटलं, विनोद का कौतुक. त्याला फरक करायची गरजच पडली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. मूल काय करतं ते लिहा, कसं आहे ते लिहू नका. काळा, जाडी, चष्मेवाला, खेडवळ, हे सगळं त्याला आधीच माहिती आहे आणि आयुष्यभर लोक सांगणारच आहेत. लिहिलं की नाव झाका आणि वाचा, वर्गातल्या अजून पाच जणांना चालत असेल तर फाडा आणि परत लिहा. हसतमुख, मनमिळाऊ, होतकरू, हे शब्द वापरायचेच नाहीत. चारोळीच्या फंदात पडू नका, यमकासाठी माणूस खोटं लिहितो, मूल हुशार नसलं तरी 'हुशार'ला 'दिलदार' जुळतं म्हणून दोन्ही चिकटवतो. गाण्यांच्या ओळी तर अजिबात नकोत, त्यात तुमच्या मुलाचं काय आहे? वर एकाने अमेरिकेतल्या हायस्कूलच्या इयरबुकसारख्या 'मोस्ट लाइकली टू सक्सीड' छापाच्या पदव्या सुचवल्यात. त्या थोड्याच मुलांना मिळतात आणि बाकीचे बसून टाळ्या वाजवतात, शिवाय आपल्याकडे ती पदवी कोणाला जाणार हे मार्क बघून आधीच ठरलेलं असतं.

सुरुवात मागच्या बाकापासून करा. टॉपरवर लिहायला सगळेच असतात, पेपरवालेसुद्धा येतात. आणि कोकणात तर पास झाला यावर काही लिहायलाच नको, आमचा विभाग दरवर्षी राज्यात पहिला, 2024 ला बारावीचा 97.51 टक्के, दहावीचा 99.01, म्हणजे टक्क्यांवरून इथलं पोर दुसऱ्या पोरापासून वेगळं काढताच येत नाही. त्यातली बरीचशी जूनमध्ये मुंबई-पुण्याला जातात, तिथे त्यांना कोणी ओळखत नसतं, तेव्हा इथून जाताना कोणीतरी नीट बघून लिहिलेल्या चार ओळी बॅगेत असल्या तर बिघडलं काय? आमच्या त्या तांडेलाच्या मुलाने तो कागद लॅमिनेट करून घेतलाय, गणपतीत त्याच्या घरी गेलो तेव्हा देव्हाऱ्याजवळच्या कपाटाच्या काचेला आतून लावलेला बघितला.

आठवड्यात साठ कसे होणार हे मात्र मला सांगता येणार नाही, माझ्याकडे तेव्हा वेळच वेळ होता. एकटीने करू नका एवढं नक्की. शिपाई, लायब्ररीतल्या बाई, डबे देणाऱ्या मावशी, एसटीचा कंडक्टर, यांना विचारा, एकेक मुलाची एकेक गोष्ट त्यांच्याकडे असते आणि ती वर्गशिक्षकांकडे नसते. पुढच्या वर्षी जूनपासून वही ठेवा.

अजून दोन गोष्टी राहिल्या. ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी दाखवा, तो नको म्हणाला तर दुसरं लिहा, कारण विचारू नका. गंमत जाते असं लोक म्हणतात, तसं काही होत नाही, उलट मुलं दहा वेळा वाचून येतात आणि मित्राचं वाचताना आधीच हसायला लागतात. आणि सगळ्याच मुलांना माझ्या पद्धतीचं आवडेल असंही नाही, काही ग्रुप एकमेकांना शिव्या घालूनच प्रेम करतात, ते त्यांचं त्यांना करू द्या, पण स्टेजच्या खाली. मुलांनी शिक्षकांवर लिहायचं असेल तर ते प्रॅक्टिकल परीक्षा झाल्यावर ठेवा. मार्क अजून सरांच्या हातात असताना मुलाला सरांवर विनोद करायला लावणं बरोबर नाही. आमच्याकडे समारंभ जानेवारीअखेर आणि प्रॅक्टिकल त्यानंतर असायचं, आता तारीख पुढे नेलीय.